पैसा त्याचा, ओळख माझी

एटापल्लीच्या ढोरांच्या दवाखान्यात मी पशुधन पर्यवेक्षक म्हणून रुजू झालो, तेव्हा त्या गावात मला ओळखणारा एकही माणूस नव्हता. ओळखणारी जनावरं मात्र पहिल्याच आठवड्यात बरीच झाली. मी लसीची पेटी घेऊन गल्लीत शिरलो की शेळ्या दुसऱ्या टोकानं निघून जायच्या.

नव्वदीच्या मधली ती वर्षं. मी बल्लारपूरचा. बाबा पेपर मिलमध्ये कामगार. त्यांचा पगार पाकिटात यायचा, पाकीट आईच्या हातात जायचं आणि आई ते कुठल्या तरी डब्यात ठेवायची. कुठल्या, ते बाबांनाही माहीत नसायचं. आमच्या घरची बँक एवढीच. त्यामुळे ऑफिसातल्या बाबूनं जेव्हा सांगितलं, "पगार आता बँकेत जमा होते जी. खातं उघडा, नाई तर तुमचा पगार गडचिरोलीतच बसून राहते," तेव्हा मी ते त्याच्याकडून दोनदा वदवून घेतलं. बँकेत जाताना कोणते कपडे घालतात, इथपासून माझी तयारी होती.

मी ठेवणीतला शर्ट काढला. पॅन्ट मात्र ढिली झाली होती, कारण गावात आल्यापासून मी स्वतःच्या हातचं जेवत होतो. एका हातानं पॅन्ट कमरेशी धरून मी बँकेत शिरलो.

बँक म्हणजे लोखंडी सरकत्या दाराची एक लांबट खोली होती. बाजाराचा दिवस असल्यामुळे आत गर्दी, आणि गर्दीत कुणाची तरी पाय बांधलेली दोन कोंबडी. मी कोंबड्यांपासून अंतर ठेवून काउंटरवर गेलो. कारकुनानं मला वरून खालपर्यंत पाहिलं.

"दोन फोटो पाह्यजे. आन् ओळख देणारा पाह्यजे."

"मी सरकारी नोकर आहे," मी म्हणालो.

"असाल जी. पण ते तुमीच, हे कोन सांगते? ज्याचं खातं इथी हाय असा एक माणूस घेऊन या. तो सही करते का, मी ह्याले ओळखतो म्हणून. कोन ओळखते तुमाले इथी?"

बाजारचौकातला एक काळा बोकड मला चांगला ओळखत होता. त्याचं खातं नसावं.

मी शोधाला लागलो. आमच्या दवाखान्यातल्या मोठ्या डॉक्टरांचं खातं गडचिरोलीत होतं. घरमालकाचं इथलंच होतं, पण त्यानं माझ्याकडे डोळे बारीक करून पाहिलं आणि म्हणाला, "दिसता तर चांगले. पण सही म्हणजे सही. पावसाळा जाऊ द्या, मंग पाहू." चहाच्या टपरीवाल्यानं तर हातच जोडले. "खातं? नाई बाप्पा. बँकेत पैसा ठेवला का तो सरकारले दिसते."

शेवटी हताश होऊन, निदान पॅन्ट तरी कमरेवर राहावी म्हणून, मी बँकेच्या अगदी समोर असलेल्या शिलाईच्या दुकानात गेलो. दुकानात साठीचे एक चाचा मशीनवर बसले होते. पांढरी दाढी, गळ्यात टेप, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. सारं गाव त्यांना चाचाच म्हणायचं. कात्रीशेजारी खिळ्याला एक बँकेचं पासबुक प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून टांगलेलं होतं, गिऱ्हाइकाला दिसेल असं. मी जीव मुठीत धरून ओळखीचं विचारलं.

चाचांनी मशीन थांबवलं. चष्मा कपाळावर चढवला.

"खर्रा खाता?"

त्या भागात सुपारी-तंबाखू घासून केलेला खर्रा न खाणारा माणूस विरळा. मी म्हणालो, "नाही."

"दारू?"

"नाही."

"पत्ते?"

"घरी, झब्बू खेळतो कधी कधी."

"पैसा लावून?"

"नाही."

"मंग काऊन खेळता?"

मी पॅन्ट वर ओढली. चाचा उठले आणि माझी मापं घेऊ लागले. पॅन्ट कमरेत आवळायची होती, पण त्यांनी छाती घेतली, खांदा घेतला, बाही घेतली, गळ्याचा घेर घेतला. मापं झाल्यावर टेप गळ्यात टाकून म्हणाले, "आता ओळखतो थोडं थोडं. उद्या दुकान उघडण्याआधी या."

दुसऱ्या दिवशी चाचा इस्त्रीचा कुर्ता आणि नवी टोपी घालून आले. त्यांनी बँकेत सगळ्यांना सलाम केला, खुर्ची मागून घेतली, फॉर्म डोळ्यांजवळ नेला. कारकुनानं विचारलं, "चाचा, किती दिवसांपासून ओळखता ह्यांले?"

"परवापासून. नाई, कालपासून."

"कालपासून चालत नाई. सहा महिने लिहितो."

"अरे पन ह्यांले इथी येऊनच सहा महिने नाई झाले."

"फॉर्मात सगळे सहा महिनेच लिहितात चाचा. करा सही."

चाचांनी सही केली. प्रत्येक अक्षरानंतर थांबून, काजाला टाका घालावा तशी. माझं खातं उघडलं, मला कोरं करकरीत पासबुक मिळालं, आणि मी आनंदानं चाचांना टपरीवर चहा पाजायला नेलं. पण चाचांचा चेहरा उतरला होता. कप तसाच ठेवून ते म्हणाले, "डाक्टर, आज मी झूठावर सही केली. पहिल्यांदा."

"अहो, सगळेच करतात असं."

"सगळ्याचं मले माहीत नाई. मी सहा महिन्याची ओळख लिहून देली. आता तेवढी ओळख भरून काढा लागते. संध्याकाळी घरी असता न?"

मला वाटलं, चाचा गंमत करताहेत. संध्याकाळी दुकान बंद करून ते खरोखरच माझ्या खोलीवर आले. खाटेवर मांडी घालून बसले आणि म्हणाले, "हां, सांगा. पहिलीत कुठी होते?"

त्या दिवशी आमची पहिली-दुसरी झाली. मग दर संध्याकाळी एकेक इयत्ता. मी आठवीत गणितात नापास झालो होतो, ते त्यांनी खोदून काढलं. माझ्या मावशीचं आणि आईचं भांडण कशावरून झालं, बाबा रविवारी काय करतात, मला गोवर कधी निघाला, सगळं. एक दिवस त्यांनी माझ्या हातची वांग्याची भाजी चाखली आणि ताट हळूच बाजूला सरकवलं. दुसऱ्या दिवसापासून ते चाचीच्या हातचा डबा घेऊन येऊ लागले.

"कशाला त्रास चाचा?"

"त्रास नाई. ज्याची ओळख देली तो उपाशी मेला तर बँकवाले मलेच पकडतील."

असं करता करता मी त्यांना अशी गोष्ट सांगून बसलो, जी मी आजवर कुणालाच सांगितली नव्हती. मी कोंबड्यांना घाबरतो. बैलाच्या तोंडात हात घालीन, म्हशीला सलाईन लावीन, पण कोंबडी फडफडली की मी जवळच्या खाटेवर चढतो. चाचा हसले नाहीत. त्यांनी विचार केला आणि म्हणाले, "साहेबाले हे सांगा लागते का?"

"कुठल्या साहेबाला?"

"बँकेच्या."

मी त्यांना शपथ घालून थांबवलं.

तोवर माझा पहिला पगार जमा झाला होता. मी विड्रॉलची चिठ्ठी भरली, पितळी टोकन घेतलं आणि बाकावर वाट पाहत बसलो. दुकान समोरच, त्यामुळे बँकेत कोण येतं-जातं ते चाचांना मशीनवरून दिसायचं. ते अर्धवट शिवलेली चोळी हातात घेऊनच रस्ता ओलांडून आले.

"काऊन काढून राह्यले पैसे?"

"टेपरेकॉर्डर घ्यायचाय चाचा."

"घरी पाठवले?"

"पाठवतो न."

"अगोदर घरी, मंग टेप." मग ते कॅशियरच्या खिडकीत वाकून म्हणाले, "ह्याले आज देऊ नका."

कॅशियर वैतागला. "चाचा, पैसा त्याचा हाय. मी कसा नाई देऊ?"

"पैसा त्याचा, ओळख माझी," चाचा म्हणाले.

बाकावरच्या लोकांना हे पटलं. एका म्हाताऱ्यानं मला समजावलं की टेपमध्ये काय ठेवलंय, गाणी तर बाजारात लाऊडस्पीकरवर फुकट ऐकू येतात. मी आधी पोस्टात जाऊन आईला मनीऑर्डर केली, पावती चाचांना दाखवली, आणि मग कुठे टेपरेकॉर्डर घ्यायला आलापल्लीची बस धरली. टेप आल्यावर संध्याकाळच्या इयत्ता थांबल्या, कारण चाचांना कव्वाल्या आवडायच्या आणि त्या ऐकताना ते मला बोलू द्यायचे नाहीत.

मग मिशीचं प्रकरण झालं. खात्यासाठी दिलेल्या फोटोत मला जाड, झुपकेदार मिशी होती. ती मी कॉलेजपासून जपली होती. एकदा बाजारातल्या न्हाव्यानं एक बाजू जरा कमी केली, ती सारखी करायला दुसरी केली, मग पुन्हा पहिली. शेवटी नाकाखाली जे उरलं ते पाहून मीच म्हणालो, "काढून टाक."

दुकानावरून जाताना चाचांनी मला पाहिलं आणि त्यांच्या हातातली कात्री खाली पडली.

"मिशी कुठी हाय?"

"काढली."

"अरे, फोटोत हाय न मिशी! मी मिशीवाल्याची ओळख देली!"

त्यांनी मला दंडाला धरून थेट मॅनेजरसाहेबांच्या केबिनमध्ये नेलं. मॅनेजर नागपूरकडचे, बदली होऊन आलेले, आणि बदली होऊन जाण्याची वाट पाहणारे. त्यांनी फाइलमधून मान वर केली.

"साहेब, इत्तला द्यायले आलो," चाचा म्हणाले. "खातेदाराची मिशी गेली. माणूस तोच हाय. नोंद करून घ्या."

मॅनेजरनी एकदा माझ्याकडे, एकदा चाचांकडे पाहिलं. त्यांना काय सुचलं कोण जाणे, ते गंभीर चेहऱ्यानं म्हणाले, "असं करा चाचा. मिशी परत येईपर्यंत ह्यांच्यासोबत तुम्ही येत जा."

साहेब गंमत करत होते. चाचा नव्हते.

त्यानंतर मी बँकेच्या पायरीवर पाऊल ठेवलं की समोरचं मशीन थांबायचं. चाचा माझ्यासोबत रांगेत उभे राहायचे आणि माझा नंबर आला की खिडकीत तोंड घालून मोठ्यानं सांगायचे, "हा तोच हाय. मिशी गेली, माणूस तोच." रांगेतले लोक माझा वरचा ओठ पाहायला पुढे झुकायचे. बाजाराला आलेल्या बाया तोंडाला पदर लावून हसायच्या. काहींना वाटायचं, डॉक्टरला ओठाचा काही आजार झाला आहे. एका भल्या माणसानं मला झाडपाल्याचं औषधही आणून दिलं. मी मिशी पुन्हा वाढवायचा जोर लावला, पण ती ह्या वेळी विरळ आली, आणि चाचा म्हणाले, "ही ते नाई. आणखी थांबू."

ह्याच विरळ मिशीच्या काळात मला स्थळ आलं. मुलगी चंद्रपूरची, बी.ए. झालेली. तिचे वडील शाळामास्तर होते. मुलाची चौकशी करायला ते एकटेच, मला न कळवता, एस.टी.नं एटापल्लीला आले. टपरीवर उतरून त्यांनी माझं नाव सांगून विचारलं, मुलगा कसा आहे. टपरीवाल्यानं शिलाईच्या दुकानाकडे बोट दाखवलं. "आमी काय सांगावं गुरुजी? त्याची ओळख चाचाकडं हाय."

पुढचं सगळं मला नंतर सासऱ्यांनी सांगितलं, आणि ते हे आयुष्यभर सांगत राहिले.

त्यांनी दुकानात जाऊन "जयभीम" केला, बसले, आणि येण्याचं कारण सांगितलं. चाचांनी पाणी दिलं. मग म्हणाले, "सांगतो. सगळं सांगतो. पन गुरुजी, तुमची ओळख कोन देते?"

"म्हणजे?"

"म्हणजे तुमी मुलीचेच बाप, हे कशावरून? मी कोनालेही आमच्या डाक्टरची माहिती कशी देऊ? इथी एखादा माणूस आणा, जो तुमाले ओळखते."

तीस वर्षं पोरांना हजेरी विचारणारे गुरुजी रस्त्यात येऊन उभे राहिले. एटापल्लीत त्यांच्या ओळखीचं कुत्रंही नव्हतं. शेवटी त्यांना त्यांच्याच बसचा कंडक्टर टपरीवर भजी खाताना दिसला. त्यांनी त्याला गाठलं, अडचण सांगितली, त्याच्या भज्यांचे पैसे दिले. कंडक्टर हात पुसत दुकानात आला.

"ह्यांले ओळखता?" चाचांनी विचारलं.

"हो न. चंद्रपूरले बसले. पूर्ण तिकीट काढलं. सुट्टे पैसे देले."

"झोपले होते?"

"नाई. खिडकीतून पाहून राह्यले होते. पोरीच्या लग्नाचं बोलून राह्यले होते बाजूच्याशी."

चाचांचं समाधान झालं. कंडक्टर उरलेली भजी खायला गेला, आणि चाचांनी माझी पहिलीपासूनची माहिती गुरुजींना द्यायला सुरुवात केली. आठवीतलं गणित, गोवर, मावशीचं भांडण, टेपरेकॉर्डर. स्वयंपाक येत नाही. खर्रा खात नाही. झब्बू खेळतो, पण कशासाठी ते सांगता येत नाही. मिशी होती, गेली, येऊन राह्यली. आणि मग आवाज खाली आणून, इकडेतिकडे पाहून: "आणखी एक हाय. कोंबडीले भेते."

मी दौऱ्यावरून परत आलो, तेव्हा दुकानात दोन म्हातारे एकमेकांच्या खांद्यावर हात ठेवून डोळ्यांतलं पाणी पुसत होते. मला पाहताच त्यांना पुन्हा हसू फुटलं. मी चाचांना विचारलं, "हे कोण?" चाचा म्हणाले, "तुझे सासरे. ओळख पक्की हाय, मी पाह्यली." मला ते अहो-जाहो करायचे, त्या दिवसापासून "तू" म्हणू लागले.

त्या रात्रीची बस निघून गेली होती, म्हणून गुरुजी चाचांकडेच मुक्कामाला राहिले. सकाळी जाताना ते मला म्हणाले, "चार ठिकाणी मुलं पाहिली. सगळीकडे फक्त चांगलंच सांगितलं. घरी गेलो की झोप यायची नाही. इथं झोप लागली." मग बसच्या पायरीवरून वाकून म्हणाले, "आमच्या घरी कोंबड्या नाहीत, काळजी करू नका."

लग्न झालं. बायको एटापल्लीला आली आणि थोड्याच दिवसांत तिची आणि चाचीची अशी गट्टी जमली की दुपारी आमचं दार बंद असायचं आणि चाचीचं उघडं. तोवर मी चाचीला फक्त डब्यातून ओळखत होतो. चाची घरी बसून ब्लाउजांना हुक लावायची, काजं करायची, आणि त्याची मजुरी चाचांनी दिलीच पाहिजे असा तिचा नियम होता. ती मजुरी तिनं कुठे ठेवली होती ते चाचांना कधी सापडलं नव्हतं. एक दिवस बायको मला म्हणाली, "चाचीला खातं उघडायचंय. तिला सहीसुद्धा शिकवली मी."

"मग चाचा आहेतच की ओळख द्यायला."

"तिथंच तर अडलंय."

अडलं होतं ते असं, की चाचांनी विचार करायला वेळ मागितला होता. मी दुकानात गेलो. चाचा चिंतेत होते.

"चाचा, तुमची बायको आहे ती."

"हाय न. म्हणूनच. तुले मी सहा महिन्यात ओळखलं. हिले इतकी वर्षं झाली, अजून मले नाई माहीत का हिच्या मनात काय हाय. मी काय सांगून सही करू?"

दुकानामागेच त्यांचं घर होतं; मधल्या पडद्याआडून चाचीचा आवाज आला. "सही नको करू देऊ त्याले, डाक्टर. तुमी करा. तुमचं खातं हाय न?"

चाचा तडक उठले. कुर्ता बदलला, टोपी घातली, आणि चाचीच्या पुढे चार पावलं चालत रस्ता ओलांडून बँकेत गेले. कारकुनानं नेहमीचा प्रश्न विचारला, तेव्हा चाचा छाती काढून म्हणाले, "लग्नापासून." चाची म्हणाली, "त्याच्या आधीपासून. हा माझ्या अब्बाच्या दुकानात कामाले होता. बटन लावाले येत नव्हते." चाचांनी ह्याही वेळी सही टाक्याटाक्यानं केली. चाचीनं मात्र तिची सही एका झटक्यात ठोकून दिली.

त्यानंतर पंधरा-वीस दिवसांनी मी शर्ट शिवायला टाकून दुकानात बसलो होतो. समोरून चाची बँकेत जाताना दिसली, एकटीच, डोक्यावर ओढणी नीट घेऊन. चाचांचं मशीन थांबलं. ते उठले, पायरीपर्यंत गेले, तिथून परत आले, बसले, पुन्हा उठले. चाची बाहेर आल्यावर ते हळूच पलीकडे गेले आणि खिडकीतून कॅशियरला काही तरी विचारून, मान हलवत परतले.

"काय म्हणाला?" मी विचारलं.

"म्हनते, खातेदाराची माहिती दुसऱ्याले देता येत नाई."

"तुम्ही सांगितलं नाही, ओळख माझी म्हणून?"

"सांगितलं. तो म्हनला, चाची सांगून गेली हाय का, हा विचाराले येईल."

चाचा पुन्हा मशीनवर बसले. मग त्यांनी माझा शर्ट ओढला आणि शिवायला लागले. त्या शर्टाला दोन्ही बाह्या डाव्या लागल्या. मी तो तसाच घालून हिंडलो. चाचीनं त्या पैशातून काय घेतलं ते आठवडाभरानं कळलं: पिको करायचं स्वतःचं मशीन. ते तिनं चाचांच्या मशीनशेजारीच मांडलं, आणि गल्लीतल्या बाया साड्या घेऊन तिच्याकडे येऊ लागल्या, तेव्हा चाचा त्यांना बसायला स्टूल पुढे करायचे.